लेकराची झोप आणि बाटलीतली तरतरी

जानेवारी महिन्यातली गोष्ट. चाकणपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात मी कांद्यावरचे फुलकिडे पाहायला गेलो होतो. पीक पाहून झाले, बांधावर बसून फवारणीचे बोलणे झाले. निघताना घरधनी म्हणाले, "भाऊसाहेब, पिकाचं औषध सांगितलं, आता आमच्या पोराचं बी सांगा. बारावीला हाय. रातरात झोपत नाय. काय इचारलं की अंगावर येतो. परवा सराव परीक्षेत हात थरथरायला लागले, छातीत धडधडतंय म्हणून पेपर टाकून आला. आईनं मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. काय फरक नाय."

मी डॉक्टर नव्हे. माझे सारे शिक्षण शेतीचे. पण रोप पिवळे पडले की पानाकडे पाहत बसू नये, मुळाशी उकरून पाहावे, ही सवय नोकरीने लावली आहे. मी पोराला बाजूला घेऊन विचारले, दिवसभरात काय काय खातोस-पितोस? पोरगा गप्प. मग हळूच मला घरामागच्या रिकाम्या कांदाचाळीकडे घेऊन गेला. बारदानाच्या मागे बाटल्यांचा ढीग होता. गावातल्या टपरीवर वीस रुपयांना मिळणाऱ्या, भडक रंगाच्या 'एनर्जी ड्रिंक'च्या बाटल्या.

"जागं राहावंच लागतं, भाऊसाहेब," तो म्हणाला. "नाहीतर अभ्यास व्हायचा कधी?"

वाचकहो, त्या पोराचा दिवस ऐका, म्हणजे त्याचे म्हणणे खोटे नव्हते हे तुम्हाला पटेल. पहाटे साडेपाचला उठायचे. सकाळच्या बसने चिंचवडला क्लासला जायचे, तिथून कॉलेज, संध्याकाळी परत. वडील कंपनीत ठेकेदाराकडे कामाला, दर काही आठवड्यांनी त्यांची रातपाळी. शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या विजेचा आठवडा आणि वडिलांची रातपाळी एकत्र आली, की कांद्याला दारे धरायला पोरगाच उभा. उरलेल्या रात्रीत अभ्यास. एवढे करून डोळे मिटू लागले, की चहा किंवा बाटली.

पाळीचे घड्याळ घरात शिरले

आपला हा पट्टा पूर्वीपासून असा नव्हता. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे भोसरी-आकुर्डीच्या माळावर कारखान्यांची रांग लागली. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. पुढे चाकणची पाळी आली. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण आता मोटारींसाठीही ओळखले जाते. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी, नाणेकरवाडी ही नावे आता कंपन्यांच्या पत्त्यांवर दिसतात.

यातून घरांत पैसा आला, पक्की घरे झाली, खोल्या भाड्याने गेल्या. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कंपनीचे घड्याळही घरात शिरले. पूर्वी सारे घर दिवेलागणीनंतर जेवायचे आणि नऊ-दहाला निजायचे. आता एक जण रातपाळीला निघतो, एक दुसऱ्या पाळीहून मध्यरात्री येतो, तेव्हा स्टोव्हवर पुन्हा आधण चढते. कंपनीच्या फाटकापुढे रात्री बारालाही चहाची टपरी चालू असते. मोठ्यांची ही जागरणे मुले पाहतात. जागता येणे म्हणजे मर्दपणा आणि झोप म्हणजे आळस, असे त्यांच्या मनात बसते. आपणही तेच बोलतो. "अमक्याचा पोरगा रात्री दोनपर्यंत अभ्यास करतो," हे आपण कौतुकानेच सांगतो ना?

तरतरी येते कुठून?

चहा, कॉफी आणि या बाटल्या यांत एक समान द्रव्य आहे. त्याचे नाव कॅफीन. चहाच्या पानात आणि कॉफीच्या बीत ते झाड स्वतःच तयार करते. कशासाठी, हे शेतकऱ्याला चटकन समजेल. १९८४ साली अमेरिकेतले शास्त्रज्ञ जेम्स नॅथनसन यांनी दाखवून दिले, की हे द्रव्य पाने खाणाऱ्या किडींना लुळे पाडते आणि मारते. म्हणजे झाडाचे ते स्वतःचे कीटकनाशक असावे. याचा अर्थ कपभर चहा विष आहे असा मुळीच नाही. माणसाचे शरीर किडीहून फार मोठे असते आणि यकृत ते द्रव्य हळूहळू निकामी करते. पण फवारणीच्या औषधाला जसे प्रमाण असते, तसे यालाही आहे, आणि ते वजनावर ठरते. सत्तर किलोच्या बापाला चालते ते चाळीस किलोच्या लेकीला चालेलच असे नाही.

आता ते मेंदूत काय करते ते पाहा. माणूस जागा असताना मेंदूत अडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ते आपल्या ठरलेल्या जागी बसले, की डोळे जड होतात. कॅफीन त्याच जागा अडवून बसते. पाटाच्या दाऱ्यात ढेकूळ घातले म्हणून पाणी नाहीसे होत नाही. ते मागे तुंबत राहते, आणि ढेकूळ विरघळले की एकदम लोटते. थकव्याचेही तसेच आहे. बाटलीने थकवा जात नाही, तो मागे तुंबून राहतो. म्हणूनच बाटलीचा अंमल उतरला की पोरगे पहिल्याहून अधिक गळून जाते आणि दुसऱ्या बाटलीकडे हात जातो.

'एनर्जी' म्हणजे ताकद, असे नाव दिले असले तरी या बाटलीत ताकद म्हणून जे काही असते ती बहुतेक साखर. ती तर तुमच्या घरच्या गुळातही आहे.

हिशेब मांडू या

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मे महिन्यात आहाराविषयी सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत सांगितले आहे, की दीडशे मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते, तेवढ्याच झटपट कॉफीत ५० ते ६५. मोठ्या माणसाने दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. वाढत्या वयातल्या मुलांसाठी युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये दिवसाला, वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे.

बाटल्यांविषयी आपल्या देशाचा नियम असा: ज्या पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असते, त्याच्या लेबलावर कॅफीन जास्त असल्याचे लिहावे लागते. मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि कॅफीन न सोसणारी माणसे यांच्यासाठी हे पेय योग्य नाही, असेही छापावे लागते. म्हणजे बाटलीच स्वतः सांगते, की मला मुलांच्या हाती देऊ नका. पण ती अक्षरे इतकी बारीक असतात, की खताच्या पोत्यावरचे आकडे वाचणारा शेतकरीही ती वाचत नाही.

आम्ही त्या पोराला कांदा तोलायच्या काट्यावर उभे केले. वजन भरले ४६ किलो. म्हणजे त्याची मर्यादा दिवसाला १३८ मिलिग्रॅम. मग मोजले. घरी दोन चहा, टपरीवर दोन. एका चहाचे ४० धरले तरी झाले १६०. वर दोन बाटल्या. अडीचशे मिलिलिटरच्या बाटलीत लिटरला ३०० च्या हिशेबाने ७५, म्हणजे दोन्हींचे १५०. एकूण ३१०. पोराच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त, आणि मोठ्या माणसाच्या मर्यादेच्याही वर. बाप आ वासून पाहत राहिला. म्हणाला, "मी सोडून राहिलो दारूवर नजर ठेवत. ह्याचा इचारच नव्हता केला."

वेळेचाही हिशेब आहे. घेतलेल्या कॅफीनचे निम्मे शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. कोणाला कमी, कोणाला जास्त. रात्री दहाला घेतलेल्या बाटलीतले निम्मे पहाटे तीनला अंगात असते, आणि पाव हिस्सा सकाळी आठला. मग पोराचे डोळे मिटले तरी झोप वरवरची लागते.

मनावर काय परिणाम होतो?

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते, असे डॉक्टर सांगतात. या वयात शरीराचे घड्याळच थोडे पुढे सरकते. झोप उशिरा येते, सकाळी जाग उशिरा येते. यात आळस नाही, ती वाढीची रीत आहे. पण शाळा-कॉलेजची बस काही उशिरा येत नाही. आधीच कमी पडलेली झोप कॅफीन आणखी कापते.

झोप तुटली की पोरगे चिडचिडे होते, वाचलेले ध्यानात राहत नाही, लहानसहान गोष्टीने रडू येते. वर कॅफीन जास्त झाले तर छाती धडधडते, हात कापतात, पोटात कालवते, उगीचच भीती वाटते. घाबरलेल्या माणसाच्या अंगात जे होते तेच हे. ज्या मुलाचा स्वभाव आधीच काळजीचा, त्याला हे फार लवकर सोसेनासे होते. आपल्याला बाटलीमुळे धडधडते आहे हे त्या पोराला कळत नाही. त्याला वाटते, मलाच काहीतरी मोठे झाले आहे, माझे डोके बिघडले आहे. ही भीती पुन्हा झोप उडवते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ज्या मुलांचे मन उदास असते ती अशी पेये जास्त पितात, असे अनेक देशांतल्या पाहण्यांत आढळले आहे. पण पेयामुळे मन उदास झाले, की उदास मनामुळे पेय हाती आले, हे सांगणे सोपे नाही. दोन्ही खरे असू शकते. तेव्हा सारे खापर बाटलीवर फोडून मोकळे होऊ नका. बाटली हे कारण असेल, तसेच ते लक्षणही असेल. म्हणून बाटली काढून घेण्याच्या आधी पोराला विचारा, की बाबा, तुला जागावे का लागते?

घरचा चहा

बाटलीला नावे ठेवणे सोपे आहे, चहाला अवघड. चहाशिवाय आपल्याकडे पाहुणचार होत नाही. मी स्वतः गावोगाव फिरतो. पाच घरी गेलो की पाच चहा, नाही म्हटले तर घरची माऊली मनाला लावून घेते. पूर्वी सुट्टीच्या दिवशी माझे डोके हमखास दुखायचे. मला वाटे, हा आठवड्याचा शीण. मग ध्यानात आले, कामाच्या दिवशी सात-आठ चहा आणि सुट्टीला दोन, त्याचे ते दुखणे. तेव्हापासून मी दुसऱ्या घरापासून ताक मागतो. ताकाला कोणी नाही म्हणत नाही, आणि कोणाचे मनही दुखावत नाही.

पण आपल्या कित्येक घरांत पोर सकाळी चहा-चपाती किंवा चहा-बटरवर घराबाहेर पडते. गोठ्यात दोन गाई, दूध सगळे डेअरीला, आणि पोराच्या पोटात चहा! डेअरीच्या पगारावर घर चालते हे मला ठाऊक आहे. तरी पेलाभर दूध घरात ठेवले तर हिशेब फार बिघडत नाही. मुलींच्या आयांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. जेवणाबरोबर चहा घेतला तर भाजी-भाकरीतले लोह अंगी लागत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. रक्त कमी असलेली मुलगी थकते, थकली की चहा पिते, आणि चहाने लोह आणखी कमी मिळते. म्हणून जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा नको, असे पोषण संस्था सांगते.

आता काय करावे?

एकदम सगळे बंद करू नका. गाईचा खुराक एका दिवसात बदलला तर तिचे पोट बिघडते, म्हणून आपण आठ-दहा दिवसांत थोडा थोडा बदलतो. हेही तसेच. एकाएकी बंद केले तर दुसऱ्या दिवशी डोके ठणकते, अंग मोडून येते, पोरगे जास्तच चिडते. हा त्रास साधारण आठवडाभराचा असतो. म्हणून पुढील क्रम ठेवा.

१. आधी आठ दिवस नुसते लिहून काढा. किती चहा, किती बाटल्या, किती वाजता, आणि झोप किती. रागवायचे नाही. मोठ्यांनीही आपले लिहावे, म्हणजे पोराला शिक्षा वाटणार नाही.

२. संध्याकाळनंतरची बाटली पहिली बंद करा, मग दुपारची. त्यानंतर टपरीवरचा एकेक चहा कमी करा. कॅफीन दुपारनंतर पोटात जाऊ नये.

३. बाटलीच्या जागी काहीतरी द्या. ताक, लिंबूपाणी, नाचणीची आंबील, दूध, गूळ-शेंगदाणे. उपाशी पोराला चहा सुटत नाही.

४. रात्री पाणी द्यायची पाळी असेल, तर दुसऱ्या दिवशी पोराला झोपू द्या. परीक्षेच्या दोन महिन्यांत तरी रात्रीचे दारे पोराकडे नको. शेजारी-भाऊबंदांत साटेलोटे करा, आपण मळणीला करतोच की.

५. रात्री फोन उशापाशी नको. तोही झोप खातो.

६. बाटली दारूत मिसळून पिण्याची खोड काही पोरांना लागते. ती फार धोक्याची. कॅफीनमुळे चढलेली कळत नाही आणि पिणे वाढते.

गावानेही काही करावे. शाळेच्या ५०० मीटरच्या आत जास्त कॅफीनच्या पेयांची विक्री बंद करण्याचा आदेश काढू, असे तेव्हाचे मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत सांगितले होते. लिथुआनियाने २०१४ पासून आणि पोलंडने जानेवारी २०२४ पासून अठरा वर्षांखालील मुलांना ही पेये विकण्यास मनाई केली आहे. आपल्याला तेवढी वाट पाहण्याची गरज नाही. शाळा व्यवस्थापन समितीने आणि ग्रामसभेने टपरीवाल्याला बोलावून समजावून सांगावे. तोही आपल्याच गावचा असतो, त्याचीही पोरे शाळेत जातात.

आणि एक महत्त्वाचे. कॅफीन कमी करूनही पोरगे दोन-तीन आठवडे उदास राहिले, जेवेना, कोणाशी बोलेना, तर डॉक्टरकडे न्या. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा एकदाही तोंडून निघाली, तर एक दिवसही थांबू नका आणि त्याला एकटे सोडू नका. छातीत सारखे धडधडत असेल, चक्कर येत असेल, तरी लगेच दाखवा. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी 'मैत्री' नावाची केंद्रे आहेत, तिथे मुलांशी वेगळे बसून बोलतात. १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येते. यात लाज कसली? गाय आजारी पडली तर आपण जनावरांच्या डॉक्टरला रात्री उठवतो.

त्या पोराचे पुढे

बाप पोराला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्त तपासले, आणि औषधाआधी बाटल्या कमी करायला सांगितल्या. बापाने कंपनीत बोलून महिनाभरासाठी रातपाळी बदलून घेतली. दारे धरायला चुलता आला. पहिले चार दिवस पोराचे डोके दुखले, आईला दोनदा बोलला. तिसऱ्या आठवड्यात साडेदहाला झोपू लागला. हात थरथरायचे थांबले.

पण खरे दुखणे त्यानंतर बाहेर आले. एके संध्याकाळी दारे धरताना तो बापाला म्हणाला, "दादा, मला हे सायन्स झेपत नाय. मला आयटीआयला जायचंय. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून बोललो नव्हतो." दोन वर्षे हे त्याच्या मनात होते. बाटलीच्या जोरावर तो जागत होता, पण अभ्यासात डोके चालत नव्हते, आणि हे कोणाला कळू नये म्हणून आणखी जागत होता. बापाला वाईट वाटले, हे त्याने मला सांगितले. पण तो पुढे म्हणाला, "भाऊसाहेब, ह्यो बोलला हेच लई झालं."

परीक्षा त्याने दिली. पुढच्या वाटेचे बापलेक दोघे बसून ठरवत आहेत. सकाळचा एक चहा तो अजून घेतो, आणि घ्यावा. माझे भांडण चहाशी नाही.

तेव्हा वाचकहो, पोरगे अंगावर येते म्हणून हात उगारण्याआधी एवढे करा. आज रात्री निजताना पोराजवळ बसा, आणि दोनच गोष्टी विचारा: आज किती कप झाले, आणि काल किती तास झोपलास? तिसरी गोष्ट ते स्वतःहून सांगेल. लगेच नाही सांगितली तर चार दिवसांनी सांगेल. आपण तेवढा वेळ जवळ बसले पाहिजे.